तिसऱ्या गिअरचे बंड आणि जेवणाच्या टेबलावरील लढाई

श्रोतेयांनी पाय पुसोन, चित्त स्थिर करोन ऐकावे. पूर्वी मोठमोठ्या लढाया जाहल्या, हत्ती पडले, तोफा डागल्या, त्यांच्या हकीकती लिहिणारे लिहून गेले आणि वाचणारे वाचता वाचता झोपी गेले. परंतु शुक्रवार सकाळपासून रविवार दुपारी चार वाजेपर्यंत एका घरच्या गाडीखान्यात आणि स्वयंपाकघरात जुन्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून जी मोहीम जाहली, तिची हकीकत कोणी लिहिली नाही. ती लिहावी ऐसा कोणाचा हुकूमही नाही. उलट "तू आता काही म्हणजे काही लिहू नकोस" ऐसाच हुकूम जाहला होता. तथापि इतिहास असल्या हुकमांस जुमानीत नाही, म्हणोन लिहितो. लेखक शाळेत इतिहास शिकवितो, घरात शेंडेफळ आहे, आणि या मोहिमेचे तमाम वर्तमान त्यास ठाऊक आहे: जे समक्ष पाहिले ते, जे दाराआडून ऐकिले ते, आणि जे जाहलेच असले पाहिजे तेही.

प्रथम गाडीची कुळकथा. आमचे तीर्थरूप हे औषधांचे फिरते विक्रेते. तीस वर्षे त्यांनी या गाडीतून खोकल्याच्या बाटल्या आणि पोटदुखीच्या गोळ्या गावोगाव पोहोचविल्या, आणि मग निवृत्त जाहले, परंतु गाडी निवृत्त जाहली नाही. रोज दुपारी ठीक चार वाजता तीर्थरूप आणि मातुश्री गाडीत बसोन तलावाच्या बांधापर्यंत जात आणि पाचाला परत येत. आता मर्माची गोष्ट ऐकावी. घरात उभयतांचे बोलणे म्हणजे "पाणी आलं का" आणि "चावी कुठाय", याहून अधिक काही नाही. परंतु तलावाचा रस्ता ऐसा की चौथा गिअर टाकावा इतका मोकळा नाही आणि दुसऱ्यात रडावे इतका गर्दीचा नाही. सबब घर सोडून तिसरा पडला की बांध येईतो तिसराच. आणि तिसरा पडला की मातुश्रींची वाचा फुटे, आणि तीर्थरूप हसत, आणि मधूनच दोन शब्द आपलेही टाकीत. चाळीस वर्षांचा संसार, त्याचे जे काही बोलणे जाहले ते तिसऱ्या गिअरमध्ये जाहले.

तो तिसरा गिअर फितूर जाहला. टाकावा तो बसे, दहा पावले इमानाने चाले, आणि मग 'खट्ट' ऐसा आवाज करोन आपणहून बाहेर उडी घेई. तीर्थरूपांनी दांडा एका हाताने दाबून धरला, तरी उडी घेई. मग मातुश्री दोन्ही हातांनी दांडा धरून बसू लागल्या, आणि गिअर जागी राहिला. परंतु दांडा धरला की बोलणे सुचेना, आणि बोलणे सुचले की दांडा सुटे. ऐसे आठ दिवस काढून शेवटी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजचे उस्ताद यांनी गाडीखाली मुंडके घातले, बाहेर काढले, आणि निवाडा दिला: "काका, बॉक्सच गेलाय. हा आता मिळत पण नाही कुठे. भंगारात घाला आणि मोकळे व्हा."

तीर्थरूप शब्दाचे पक्के आणि बोलण्याचे कंजूष. त्यांनी घरी येऊन कोणाशी मसलत केली नाही, भंगारवाल्यास फोन लावला आणि पुढच्या पंधरवड्याचा रविवार, दुपारी चार, ऐसा करार केला. चारच का, म्हणोन विचारिले असता उत्तर आले, "त्या वेळी मी मोकळाच असतो आता." मग तीर्थरूप पुढच्या पायरीवर गाडीची चावी हातात घेऊन बसू लागले, आणि मातुश्री मागच्या खोलीत टीव्हीचा आवाज मोठा करोन बसू लागल्या, आणि घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

आता या मोहिमेच्या सरनौबत. लेखकाची थोरली बहीण, पेशाने दातांची डॉक्टर, दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना, हाताची पकड ऐसी की दाढ आधी निघते आणि रोग्यास मागाहून कळते. ताईसाहेब गुरुवारी चहास आल्या तो पाहतात काय, चहाचा एक कप पायरीवर आणि एक कप मागच्या खोलीत, आणि मध्ये सगळे घर रिकामे. त्या कपांकडे त्यांनी दोन वेळा पाहिले, आणि डोळ्यांत पाणी आले ते चष्मा पुसण्याच्या मिषाने पुसले, आणि तत्काळ स्वयंपाकघरात खलबत भरविले. म्हणाल्या, "दाते झिजतात, तुटतात, हलतात. माझा धंदाच आहे तो. गिअरबॉक्स घरी खोलायचा. उद्या."

लेखकाने नम्रपणे विनंती केली की, ताई, आपण दोघांनी आजवर घरात फक्त मिक्सर खोलला आहे, आणि तो अद्याप खोललेलाच आहे. ही विनंती नामंजूर जाहली.

मग मातुश्रींकडे आम्ही दोघे वकील होऊन गेलो. मातुश्री म्हणजे या राज्यातील स्वच्छतेचा महकमा. डाग त्यांच्या हद्दीत एक प्रहरही जगत नाही. त्यांनी बहुत विचार करोन फर्मान काढिले: "टेबल घ्या. जुन्या चादरी घ्या. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. आणि तेल फरशीवर सांडलं, तर दोघांना बाहेर जेवायला वाढीन, मग डॉक्टर असो नाहीतर मास्तर."

मग वकील पायरीवर गेले. तीर्थरूप म्हणाले, "वेड लागलंय तुम्हाला. रविवारी चारला तो येणार म्हणजे येणार. मी शब्द दिलाय." ताईसाहेबांनी विचारिले, "आणि त्याच्या आत गाडी चालू झाली तर?" तीर्थरूपांनी चावी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तर बघू." आता परक्या माणसास हे बोलणे पोकळ वाटेल. परंतु या दौलतीत 'तर बघू' म्हणजे शिक्कामोर्तबासह तहनामा, हे सर्वांस ठाऊक आहे.

येणेप्रमाणे शुक्रवारी सकाळी नाश्ता उरकोन फौज निघाली. फौज म्हणजे ताईसाहेब आणि लेखक. दारूगोळा येणेप्रमाणे: शेजाऱ्यांकडून आणिलेला जॅक, चार लाकडी ठोकळे, पान्यांचा एक संच ज्यातील तेराचा पाना गैरहजर, आणि दवाखान्यातून आणिलेली खाशी हत्यारे, म्हणजे दात पाहण्याचा लांब दांड्याचा चिमुकला आरसा, कपाळास बांधण्याचा दिवा, चिमटे, आणि आकडे. गाडी ठोकळ्यांवर चढविली, बॅटरीची वायर सोडिली, आणि ताईसाहेब पाठीवर सरपटत खाली गेल्या. तळाचा बोल्ट काढिला तो काळे, दाट, जुनाट वासाचे तेल परातीत उतरले, आणि वास घरात शिरला, आणि मातुश्रींनी एकामागोमाग एक सात खिडक्या उघडल्या त्याचा आवाज खालपर्यंत आला. परात कोणाची, ऐसा प्रश्न वरून आला. परात गाडीखाली आणखी आत सारिली.

गिअरबॉक्स हा इंजिनाच्या पाठीस अकरा बोल्टांनी जखडलेला. दहा बोल्ट दोन तासांत शरण आले. अकरावा मात्र माथ्यावर, अंधारात, जेथे ना नजर जाते ना हात. लेखक म्हणाला, हा नसेलच, दहाच असतील. ताईसाहेबांनी आरसा आत सारला, दिवा पेटविला, आणि पाहतात तो बोल्ट तेथे अक्कलदाढेसारखा आडवा बसलेला. मग सवयीचा मामला. आरशात पाहून उलट्या हाताने काम करण्यात त्यांची हयात गेली आहे. पान्यास पाइप जोडिला, पाय भिंतीस टेकविला, आणि बोल्टास म्हणाल्या, "हलायचं नाही हं. थोडंसंच दुखेल." आणि जोर केला तो बोल्ट ऐसा किंचाळून सुटला की समोरच्या घरचा कुत्रा भुंकू लागला.

मग गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे सारला, खाली जुन्या गादीवर उतरविला, चादरीत घातला, आणि दोघांनी चादरीची टोके धरोन पालखी उचलिली. वजन ऐसे की लेखकाच्या कंबरेतून शब्द आला. पुढे मातुश्री पावलागणिक वर्तमानपत्र अंथरीत चालल्या, आणि आम्ही पुढे सरकलो की मागचे उचलून पुन्हा पुढे अंथरीत, येणेप्रमाणे स्वारी पायरीवरून, तीर्थरूपांच्या अगदी गुडघ्याजवळून, आत गेली. तीर्थरूपांनी पाय बाजूस घेतले. पाहिले नाही, परंतु पाय घेतले. जेवणे त्या दिवशी जिन्यावर जाहली.

शनिवारी सकाळी टेबलावर वेढा पडला. ताईसाहेबांनी पांढरा अंगरखा घातला, तोंडास पट्टी बांधिली, आणि लेखकास वाकनिशीची सनद दिली. सनदेचे शब्द ऐसे: "मी एकेक काढीन. तू क्रमाने लिही. काय निघालं, कशानंतर निघालं, कुठली बाजू कुणीकडे होती. आणि फोटो काढ. कळलं?" लेखकाने मान डोलाविली. कळले होते. परंतु कळणे निराळे आणि हाती लेखणी आल्यावर राहवणे निराळे, हे पुढे दिसून येईल.

झाकण उघडिले. ताईसाहेब गिअरबॉक्सास "आ करा" म्हणाल्या आणि आत दिवा टाकिला. आत तेलाने माखलेल्या चकत्या, एकीस एक दाते रोवून बसलेल्या, आणि झाकणाखालीच गिअर बदलणाऱ्या तीन पोलादी दांड्या. दांडी ओढिली तो आतून एक छर्रा गोळीसारखा सुटला, छतास लागला, दिव्यास लागला, मातुश्रींच्या कानाजवळून गेला, आणि चपलांच्या कपाटाखाली गडप जाहला. पाठोपाठ एक बारकी स्प्रिंग टेबलावर लोळत आली. लेखक घाबरोन कपाटाखाली शिरला आणि छर्रा तोंडात धरूनच बाहेर आला, कारण दोन्ही हात अडकले होते. दुसऱ्या दांडीस तेच, तिसरीस तेच. छर्रे तीन, स्प्रिंगा तीन, सर्व चादरीवर मांडिले, आणि फौज पुढे घुसली.

मग काय विचारता! क्लिपा निघाल्या, बेअरिंगे ठोकून काढिली, मोठा शाफ्ट बाहेर आला, त्यावरून चकत्या उतरल्या, पितळी कड्या उतरल्या, वॉशर उतरले, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये बसणारा जाडजूड गट्टू ज्यास हब म्हणतात तोही उतरला. एकूण एकेचाळीस जिन्नस. ताईसाहेब प्रत्येकाचे दाते आरशाने तपाशीत, आकड्याने टोकरीत, आणि म्हणत, "उत्तम. कीड नाही. हाही उत्तम." बेचाळिसावा जिन्नस उरला नाही, राजवाडा खणून पाया दिसू लागला, आणि शत्रू कोठे सापडेना. ताईसाहेब खुर्चीत बसल्या. मग त्यांची नजर चादरीच्या अगदी पहिल्या कोपऱ्यावर गेली. तीन स्प्रिंगा. दोन सारख्या. तिसरी निम्मी.

तुटलेली! निम्मी बाहेर आली होती आणि निम्मी भोकातच अडकून होती. तिसऱ्या गिअरला जागी दाबून ठेवणे एवढेच तिचे काम. ती मोडली म्हणोन गिअर खट्ट करोन उडी घेत होता. म्हणजे फितूर वेशीवरच, झाकणाच्या खाली, पहिल्या पावलावर बसला होता, आणि आम्ही त्यास ओलांडून संपूर्ण शहर लुटले. ताईसाहेब ऐशा हसत सुटल्या की तोंडाची पट्टी गळ्यात आली. नखाएवढी स्प्रिंग! तिच्यापायी गाडी भंगारात चालली होती. दोघे भाऊबहीण टेबलाभोवती नाचलो, आणि लगोलग तुटका तुकडा चिमट्यात धरोन सुट्या भागांच्या दुकानी गेलो. दुकानदाराने डब्यात हात घालून जुळी बहीण काढिली आणि कागदात गुंडाळून दिली.

आम्ही विजयाच्या धुंदीत परतलो तो दारातच साबणाचा वास आला.

मातुश्रींनी आम्ही नसता सर्व जिन्नस गरम पाण्यात घालून, काथ्याने घासून, तीन पाण्यांतून काढून, कोरड्या फडक्याने पुसून, ओट्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडिले होते, जैसी त्या भांडी मांडितात. तेलाचा ठिपका नाही. चादर धुऊन दोरीवर. एकेचाळीस जिन्नस आरशासारखे लखलखत होते, आणि कोण कोणाच्या आधी, कोण कोणाच्या नंतर, कोणाचे तोंड कोणीकडे, याचा मागमूस नाही.

ताईसाहेब एकेक चकती उचलोन पाहू लागल्या. मातुश्री पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला काय माहीत? मला वाटलं, स्वच्छ असलं की लवकर चालू होईल." आणि मग हळू, "लवकर व्हायला हवी ना गं." यावर कोणास रागावता येईना. ताईसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "असू दे आई. लिहून ठेवलंय सगळं." आणि लेखकाकडे पाहून, "ठेवलंयस ना?"

लेखकाने वही मागे लपविली. प्रथम फोटो दाखविले. फोटो अठरा. त्यांपैकी अठरांत ताईसाहेब: हत्यार उचलताना, कपाळ पुसताना, विजयी मुद्रेने, आणि गिअरबॉक्स कोपऱ्यात, पुसट, कोठे दिसतो कोठे नाही. इतिहासात पराक्रमी पुरुषाचे चित्र असते, त्याच्या बोल्टांचे नसते, ऐसा लेखकाचा बचाव होता. तो चालला नाही. मातुश्रींनी दिवेलागणीस लढाई तहकूब केली आणि सर्वांस जेवून झोपण्याचा हुकूम दिला. वही ताईसाहेबांच्या ताब्यात गेली.

रविवारी सकाळी आठ वाजता स्वयंपाकघरात वहीचे वाचन जाहले. ताईसाहेबांनी पहिले पान उघडिले आणि मोठ्याने वाचिले: "'मग गढीचा किल्लेदार, जाडजूड, गर्विष्ठ, ज्याच्या एका गालास सूज, तो सुजलेला गाल मातुश्रींकडे करोन, रुसल्यासारखा बाहेर आला. त्यामागे धाकटी पितळी राणी रडत निघाली, तिचे अश्रू तेलाचे.' हे काय आहे? शहाण्या, हे काय आहे? मी क्रमाने लिहायला सांगितलं होतं!" लेखक म्हणाला, क्रमानेच आहे. ताईसाहेब पुढे वाचीत गेल्या. 'तिघे तिळे भाऊ, गळ्यात गळा घालून.' 'एक चपटा फकीर, ज्याच्या एका अंगावर तीन वळ, तो तीर्थरूपांच्या पायरीकडे वळ दाखवीत गेला.' वही टेबलावर आपटली, आणि हुकूम जाहला तो सुरुवातीस लिहिलाच आहे.

इतक्यात दाराकडून एक चमत्कारिक आवाज आला. सर्वांनी वळून पाहिले. तीर्थरूप दारात उभे, हातात चावी, आणि खांदे हलत होते. तीन आठवड्यांत प्रथमच हसत होते, आणि हसता हसता बोटाने वहीकडे दाखवीत म्हणाले, "चपटा फकीर! वाच, वाच पुढं."

ताईसाहेबांनी वाचिले, आणि वाचता वाचता थांबल्या, आणि पुन्हा तेच वाक्य हळू वाचिले. मग ओट्यावरून हब उचलला. त्याची एक बाजू सपाट, एक बाजूस उंचवटा. म्हणाल्या, "सूज. गालाला सूज. अरे, ही सूज! आणि वॉशरला एका बाजूला तीन खाचा आहेत, ते वळ." लेखक म्हणाला, तेच तर लिहिले आहे. मग सर्वांच्या ध्यानी आले की वहीत खोटे काही नाही. फक्त दिशा उत्तर-दक्षिणेच्या नसून माणसांच्या आहेत. कोण कोणाकडे पाहत निघाला, हे सर्व आहे. सबब गिअरबॉक्स जोडावयाचा तर शनिवारची सकाळ जशीच्या तशी पुन्हा मांडिली पाहिजे.

मग काय गंमत वर्णावी! लेखक खिडकीपाशी. ताईसाहेब टेबलाच्या डोक्याशी. तीर्थरूपांस पायरीवर बसविले, तोंड रस्त्याकडे, जैसे शनिवारी होते. मातुश्री ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ताईसाहेबांनी हब उचलोन सूज ओट्याकडे केली, आणि बसविणार, तोच पायरीवरून, पाठमोराच, तीर्थरूपांचा आवाज आला: "ती ओट्यापाशी नव्हती."

मातुश्री म्हणाल्या, "मी ओट्यापाशीच होते. सकाळभर ओट्यापाशी असते मी."

"फ्रीजपाशी होतीस."

आता फ्रीज ओट्याच्या बरोबर समोर, टेबलाच्या दुसऱ्या अंगास. म्हणजे सूज एकदम उलटी! सर्व मोहीम या एका उभ्या राहण्यावर अडली. मातुश्री कंबरेवर हात ठेवून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर पाठ करून बसला होतात."

"पाठ केली होती. कान नव्हते बंद केले. पोरगी म्हणाली 'हब निघाला', आणि फ्रीजचं दार करकरलं. दूध काढलंस तू."

मातुश्रींनी कंबरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाल्या, "तुमच्याच चहाचं दूध होतं ते." आणि मुकाट्याने जाऊन फ्रीजपाशी उभ्या राहिल्या. परंतु मुकाट्याने फार काळ राहिल्या नाहीत. "तीन आठवडे ऐकत बसलात, आणि एक शब्द बोलायला काय झालं होतं?" तीर्थरूप म्हणाले, "तू टीव्ही लावून बसायचीस." "तुम्ही बोलत नव्हतात म्हणून लावायचे." "मला वाटायचं तुला बघायचाय." येणेप्रमाणे एक पायरीवरून आणि एक फ्रीजपाशी, मध्ये आम्ही दोघे आणि एकेचाळीस जिन्नस, ऐसा वाद सुरू जाहला. लेखकाने वाद मिटविण्यास तोंड उघडिले तो ताईसाहेबांनी टेबलाखालून लाथ मारिली आणि कुजबुजल्या, "गप. भांडू दे."

मग वाद चालला आणि काम चालले. प्रत्येक जिनसास दोन साक्षी निघू लागले. वहीत 'मातुश्री' आले की पायरीवरून पुकारा होई, "तेव्हा ती कपाटाशी, डबा पडला होता", आणि 'पायरीकडे' आले की मातुश्री सांगत, "तेव्हा हे उठून फाटकाशी गेले होते, पाठीवरून कळतं मला." फकीर आपल्या वळांसह बसला, राण्या बसल्या, तिळे भाऊ गळ्यात गळा घालून बसले. भोकात अडकलेला तुकडा आकड्याने काढून नवी स्प्रिंग घातली, वर छर्रा ठेविला, मातुश्रींनी अंगठ्याने दाबून धरिला, आणि दांडी आत सरकली. ताईसाहेबांनी हाताने शाफ्ट फिरविला. लोण्यासारखा फिरला. दांडी तिसऱ्यावर ओढिली तो 'टक्' ऐसा भरीव आवाज आला आणि ती तेथेच बसली.

लगेच नवे तेल, लगेच पालखी, लगेच पुन्हा गाडीखाली. अकराही बोल्ट आपल्या घरी गेले, अकरावा आरशात पाहून. तेरा वेळा ताईसाहेबांचे डोके चेसिसला आपटले. साडेतीन वाजले. आणि मग लेखक टेबल आवरावयास गेला तो टेबलावर एक स्प्रिंग पडलेली.

बारीक, लांब, चकचकीत. उरलेली! ताईसाहेब पांढऱ्या पडल्या. आता पुन्हा खोलण्यास वेळ नाही, आणि न खोलता चालविण्याची हिंमत नाही. चादर झाडिली, वही चाळिली, एकेचाळीसांत हिचे वर्णन नाही. पाव तास ऐसा गेला की मोगलाईत कोणाचा गेला नसेल. तेव्हा मातुश्रींनी ती स्प्रिंग बोटांत धरोन पाहिली, लेखकाकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "तुझं पेन दाखव." लेखकाने पेन दाखविले. त्याचा खटका दाबिला असता वर येईना. लेखकास विचार करताना पेन खोलण्याची सवय आहे, ही गोष्ट घरच्या तमाम मंडळीस ठाऊक होती, फक्त लेखकास त्या समयी सुचली नाही. सबब या बखरीचा शेवट शिसपेन्सिलीने लिहिला आहे.

चारच्या ठोक्यास भंगारवाले गाडी ओढून नेण्याचा आपला ओढगाडा घेऊन फाटकाशी हजर जाहले. तीर्थरूप चालकाच्या जागी बसले, मातुश्री बाजूस, आणि चावी फिरविली. काही नाही. पुन्हा फिरविली. काही नाही. तीर्थरूपांचा हात चावीवरून खाली आला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे ताईसाहेबांस पाहवेना. तेव्हा भंगारवाले दार टेकून उभे होते ते म्हणाले, "काका, बॅटरीची वायर जोडली का?" शुक्रवारी सकाळी सोडिलेली वायर! लेखक धावला, वायर जोडिली, चावी फिरली, आणि इंजिन ऐसे गरजले की कुत्रा पुन्हा भुंकू लागला. भंगारवाल्यांनी कान देऊन ऐकिले आणि म्हणाले, "चालती गाडी कोण भंगारात देतं? जा फिरून या." आणि आपला ओढगाडा बाजूस घेतला. शत्रूने आपणहून वाट देणे, ऐसी उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

गाडी फाटकाबाहेर पडली. आम्ही दोघे फाटकाशी, तेलाने काळे, हातात हात. पहिला पडला. दुसरा पडला. गल्लीच्या टोकाशी तिसरा पडला, आणि आम्ही श्वास रोखून खट्टची वाट पाहिली. गाडी वळणापर्यंत गेली, आणि वळण घेतले, आणि आवाज दूर दूर जात बारीक जाहला. खट्ट नाही. ताईसाहेब तेथेच कट्ट्यावर बसल्या आणि रडू लागल्या आणि हसूही लागल्या, आणि लेखकानेही तेच केले, हे लिहिण्यास लाज वाटत नाही.

स्वारी पाचास परतावयाची ती सव्वासहास परतली. मातुश्रींनी उतरताच फर्मान काढिले, "टेबल तीन पाण्यांनी धुवा. आज सगळे टेबलावर जेवणार." तीर्थरूपांनी चावी खुंटीस लाविली आणि वहीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती जपून ठेव. परत लागेल."

येणेप्रमाणे शुक्रवार ते रविवार मोहीम होऊन तिसऱ्या गिअरचे बंड मोडिले. आपले जखमी, एक कंबर आणि एक डोके. शत्रूकडील ठार, अर्धी स्प्रिंग. परात जप्त करोन भंगारवाल्यांस दिली. तलावाच्या रस्त्यावर त्या सव्वादोन तासांत उभयतांचे काय बोलणे जाहले, एवढे एक वर्तमान मात्र या लेखकास ठाऊक नाही. दाराआडून ऐकण्यास तेथे दार नव्हते, आणि तर्काने लिहावे ऐसे मनास आले नाही. तेवढी जागा कोरी सोडिली आहे.